भरमाण्णाच्या फेऱ्या

भरमाण्णाशी बोलायचं तर माणसाकडे वेळ असावा लागे. तो अर्धं वाक्य बोलायचा आणि थांबायचा. विसरून नव्हे. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवत बुडबुडे शोधायचा, काचपेपरनं रबर घासायचा, आणि आता निघावं असं आपल्याला वाटायला लागलं की उरलेलं अर्धं वाक्य यायचं. निपाणीत नवा आलेला माणूस यानं गोंधळून जायचा. जुन्यांना कारण ठाऊक होतं.

तरुणपणी भरमाण्णा गावोगाव सायकलीचे खेळ करायचा. मैदानात दोरी बांधायची, मधे बांबू रोवून कर्णा लावायचा आणि सात दिवस, सात रात्री गोल फिरत राहायचं. जमिनीला पाय टेकायचा नाही. जेवण, आंघोळ, दाढी, सगळं सायकलीवर. दोरीपाशी उभी असलेली माणसं त्याला काहीबाही विचारायची. तो जाता जाता अर्धं उत्तर द्यायचा, उरलेलं पुढच्या फेरीला. पंधरा-वीस वर्षं हेच केल्यावर जिभेलाही तीच चाल लागली.

काकतीच्या मैदानात कुणीतरी त्याला विचारलं होतं, लग्न कधी करणार. "पोरगी बघिटल्या," म्हणून तो पुढे गेला. फेरी मारून आल्यावर म्हणाला, "तिनं मला अजून न्हाय बघिटलं." तोवर गर्दी पांगून दुसऱ्या कडेला गेली होती. एक मुलगी तेवढी उरलेलं ऐकायला दोरी धरून तिथंच उभी होती. तीच हौसाक्का. "माझं बोलणं पुरं हुईस्तवर ही थांबली, म्हणून केली," असं तो सगळ्यांना सांगायचा. हौसाक्का चुलीपुढून म्हणायची, "थांबले आणि फसले. त्या दिशी जे थांबले ते आजून थांबलेलीच हाय."

मी त्याला ओळखायला लागले तेव्हा त्यानं पन्नाशी ओलांडली होती. खेळ कधीच बंद पडले होते. निपाणीच्या बस स्टँडजवळ पत्र्याच्या आडोशाला त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. मी खानापूरकडची, बावीस वर्षांची, नगरपालिकेच्या मराठी शाळेत नुकती लागलेली. त्याच्याच गल्लीत, त्याच्या भिंतीला भिंत लागून असलेली खोली मी भाड्यानं घेतली होती. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील प्रत्येक सभेहून, मोर्चाहून घडी घातलेली पत्रकं खिशातून आणायचे. त्यावरच मी अक्षरं गिरवली. त्यामुळे कुठलीही गोष्ट मला आधी मथळ्यात सुचते. हा दोष मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्यानं नुकसान केलं.

भरमाण्णा मला मास्तरीण म्हणायचा. सभा-मोर्चांसाठी मीही आता पत्रकं लिहायचे, ती तो दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "हवा लई भरलीस गं. फुटंल." मला राग यायचा. मी त्याला म्हणायचे, आण्णा, तुम्हाला अन्याय दिसत नाही. तो म्हणायचा, मला पंक्चर दिसतंय, अन्याव तू बघ.

गल्लीतल्या बहुतेक बायका तंबाखूच्या वखारीत जायच्या. वाळलेली तंबाखू कुटायची आणि मोठ्या चाळण्यांवर चाळायची. त्यातून जी बारीक, झोंबणारी धूळ उडते तिला खकाणा म्हणतात. वखारीच्या दारावरून नुसतं गेलं तरी शिंक येते. या बायका दिवसभर त्यात बसायच्या, तोंडाला पदर बांधून. संध्याकाळी त्या परतल्या की गल्लीत खोकल्यांचा आवाज सुरू व्हायचा. नवी असताना मला वाटलं साथ आली आहे. पंधरवड्यानं कळलं की ही साथ नाही, वस्तीच अशी आहे.

हौसाक्का वीस वर्षं चाळणीवर होती. तिचा खोकला ओला नव्हता. दोन खोकल्यांच्या मधे ती श्वास ओढायची तो मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. बारीक, शिट्टीसारखा, आणि मधेच तुटणारा. भरमाण्णा तिच्या पाठीला कान लावून बसायचा. पंक्चर शोधायचा तसाच, डोळे मिटून. "आत कुठंतरी हवा जाती," एवढंच म्हणायचा.

सरकारी दवाखान्यात आधी तिला टीबी सांगितला. इंजेक्शनांचा कोर्स पुरा झाला, खोकला तसाच. दुसऱ्या डॉक्टरनं दमा म्हटलं. तिसऱ्यानं विचारलं, विडी ओढतेस का? तिनं जन्मात विडी ओढली नव्हती. त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना भरमाण्णा माझ्या दारात थांबला. त्याला रागावलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. म्हणाला, "रोगाचं नाव तरी सांगा म्हणावं. भोक कुठं हाय त्ये कळलं की..." आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. मी वाट पाहिली. "...चिकटवायला कितीसा येळ लागतोय."

त्याला एवढंच हवं होतं. नाव.

त्याच सुमाराला बेळगावच्या मेडिकल कॉलेजातले एक तरुण डॉक्टर निपाणीत यायला लागले. धारवाडकडचे, घरी कानडी बोलणारे. मराठी थोडं मोडकं, पण लाजत नसत. त्यांच्या स्कूटरचं चाक पंक्चर झालं आणि ते भरमाण्णाच्या दुकानी आले. ट्यूब बाहेर निघेपर्यंत भरमाण्णानं त्यांना हौसाक्काची सगळी हकीकत सांगितली, अर्थात अर्ध्या अर्ध्या वाक्यांनी. डॉक्टर खाली उकिडवे बसले. म्हणाले, मी त्यासाठीच येतो. तंबाखूच्या धुळीनं छातीत काय होतं याचा इथे कुणी नीट अभ्यास केलेला नाही. पुस्तकात नाव असेलही, पण या बायकांना तेच झालंय हे दाखवायचं तर त्या तपासायला हव्यात. एकदोन नव्हे, शेकड्यांनी. आणि त्याच येत नाहीत.

शाळेच्या व्हरांड्यात ते आधी दोन दिवस बसले होते. चौघी आल्या, त्यातल्या दोघी डोळ्यांत घालायचं औषध मागायला. मुकादमांनी वखारीत सांगून ठेवलं होतं की जिच्या छातीत काही निघेल तिला टीबीवाली म्हणून उद्यापासून घरी बसवू.

भरमाण्णानं ठिगळावर अंगठा दाबून धरला. "बायका मी आणतो," म्हणाला. चाकात हवा भरून झाली, डॉक्टरांनी किक मारली, तेव्हा त्यांच्या आरशात बघत म्हणाला, "पण माझ्या पद्धतीनं."

त्याची पद्धत एकच होती. पाच दिवस सायकल चालवायची. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत पाय टेकायचा नाही. रात्री आता झेपत नाही, हे त्यानं आपण होऊनच सांगितलं. मैदानं वखारवाल्यांच्या ताब्यात, म्हणून नगरपालिकेच्या बागांमधून फिरायचं. पहिले तीन दिवस निपाणीची बाग, मग तवंदीचा घाट चढून संकेश्वरची, शेवटी बेळगावची. तपासणीत जिच्या छातीचा संशय येईल तिच्या एक्सरेच्या फिल्मसाठी बघायला येणाऱ्यांनी मनाला येईल ते झोळीत टाकायचं. पूर्वी लोक त्याच्या सदऱ्याला टाचणीनं नोटा लावायचे. या वेळी तो म्हणाला, मला नगं, डॉक्टरला लावा.

बागेच्या दारावर फलक लागला, वर मराठीत, खाली कानडीत. आमच्या सीमाभागात तेव्हा असल्या फलकावरून दगडफेक व्हायची. पहिल्याच सकाळी चार तरुण आले आणि दोरीपाशी उभे राहून ओरडले, आण्णा, कानडी कशाला लावलंय? खरं सांगायचं तर मीही त्यांच्याच मताची होते.

"डॉक्टर कानडी हाय," भरमाण्णा म्हणाला आणि गेला. पोरं पुढच्या फेरीची वाट बघत राहिली. "आणि खोकला दोन्हीत येतो." पुन्हा गेला. तिसऱ्या फेरीला त्यानं घंटी वाजवली. "तुला निस्ता मराठीत खोकायचा आसंल तर खोक की. कोण नगं म्हंतंय?" लोक हसले, पोरंही हसली. त्यातल्या एकानं पाचही दिवस पाण्याचा तांब्या सांभाळला.

डॉक्टर झाडाखाली टेबल मांडून बसले होते. टेबलावर यंत्र. वीतभर रुंद गोल तबकडी, तिच्यावर आकडे आणि काटा, बाजूला तोंडात धरायची नळी. छातीभर श्वास घेऊन जोरात फुंकायचं, की काटा पुढे सरकतो आणि जिथं पोचला तिथंच थांबतो. बायकांनी बघताक्षणी त्याला फुंकणी म्हटलं. पण बघितलं ते वखारीत जाता-येता, बागेच्या गजांबाहेरून. आत एकही बाई येईना. त्या बागेत संध्याकाळी वखारवाल्यांच्या घरच्या बायका फिरायला यायच्या. चाळणीवरच्या बायकांनी आत कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. दुपार झाली तरी डॉक्टर एकटेच.

भरमाण्णा हे प्रत्येक फेरीला बघत होता. ऊन उतरायला लागलं तसं त्यानं मला हाक मारून शाळेतला फळा आणायला सांगितलं. त्यावर वस्तीतल्या गल्ल्यांची नावं लिहायला लावली. मग कर्ण्यावरून पुकारा झाला. गल्लीगल्लीची शर्यत. कुठल्या गल्लीच्या बायकांचा काटा लांब जातोय ते आज गाव बघणार. जिंकणाऱ्या गल्लीचा झेंडा सायकलीला लावून भरमाण्णा घाट चढणार.

माणसं जमवायची म्हणजे त्यांच्यापुढं काहीतरी पैज ठेवायची, हे त्याला मैदानानं शिकवलं होतं. मीही काही वेगळी नव्हते. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं, छापखान्यात बसून छापून घेतलं. आपल्या गल्लीची ताकद गावाला दाखवा, असा त्याचा मथळा होता. मला तो फार आवडला होता.

दुसरा दिवस रविवार होता. वखारी बंद. बायका आल्या. गजांबाहेरच्या आत आल्या, चपला हातात धरून, गवतावर जपून पाय टाकत. दुपारपर्यंत बागेत बसायला जागा नव्हती. कंपाउंडर यादीतलं नाव पुकारायचा, बाई पुढे यायची, पदर सावरून फुंकायची, डॉक्टर वहीत आकडा लिहायचे, तो कर्ण्यावरून गावाला ऐकू जायचा आणि मी फळ्यावर मांडायचे. डॉक्टर मधेच अस्वस्थ झाले. भरमाण्णाला हात करून म्हणाले, "नंबर असं ओरडून सांगू नका. हे खेळ नाही."

"न्हाय सांगितलं तर उद्या..." भरमाण्णा गेला. परत आला. "तुम्ही आणि तुमची फुंकणी, दोघंच ऱ्हाल."

डॉक्टरांनी पुढचा आकडा वहीत लिहिला. इतक्या बायका त्यांनी कधी एके ठिकाणी पाहिल्या नव्हत्या. त्यांनाही त्या हव्या होत्या.

एक म्हातारी पुढे आली होती. तिनं फुंकलं तर काटा जागचा जेमतेम हलला. आकडा कर्ण्यावरून गेला. समोरच्या गल्लीतून कुणीतरी हसलं, तिच्या गल्लीतली पोरं तिच्यावरच ओरडली. ती नळी टेबलावर ठेवून, कुणाकडे न बघता बायकांच्या मागे जाऊन बसली. मी तिचा आकडा फळ्यावर लिहिला. ठळक लिहिला. त्यानंतर फळ्यावर कमी आकडा जवळजवळ आलाच नाही. आम्ही खूश होतो. शर्यत रंगली होती.

तिसऱ्या दिवशी वखारी सुटून बायका बागेत आल्यावर हौसाक्काचं नाव पुकारलं. हौसाबाई भरमाण्णा. सगळी बाग टेबलाकडे वळली. भरमाण्णा तेव्हा पलीकडच्या कडेला, कारंज्यामागे होता. त्याला बायकांच्या पाठी आणि पदर तेवढे दिसले असतील. आकडा आला. आमच्या गल्लीतला सगळ्यात मोठा. टाळ्या, शिट्ट्या. आणि भरमाण्णानं दोन्ही हात हँडलवरून काढले, पाखरानं पंख पसरावेत तसे बाजूला धरले आणि अख्खी फेरी तशीच मारली. तो हसत होता. त्याचे दात पडलेले होते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी फळ्याकडे तोंड करून होते. मला काही दिसलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण आकडा नीट ऐकायला मी एकदा वळले होते. नळी धरलेला हात गोरा आणि भरदार होता, कोपरापर्यंत बांगड्या भरलेला. हौसाक्काच्या हातात बांगडी टिकत नसे, इतका तो वाळला होता. मला वाटलं कुणीतरी तिला धरून उभं असेल. मग टाळ्या सुरू झाल्या आणि मी खडू उचलला.

आमच्या गल्लीचा झेंडा लावून तो तवंदीचा घाट चढला. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, तो खाली मान घालून चढत होता, पण पाय टेकला नाही. संकेश्वरला पाऊस लागला, तिथेही फिरला. बेळगावच्या बागेत कॉलेजची पोरंपोरी आली, हारतुरे झाले. पाचव्या दिवशी दिवस मावळल्यावर त्याला सायकलीवरून खाली घेतलं तर त्याचे गुडघे सरळ होईनात. गवतावर बसून, पुढचं चाक धरून त्यानं डॉक्टरांना विचारलं, हौसाचा काटा कितीवर गेलता त्ये परत एकदा सांगा. डॉक्टरांनी वही उघडून आकडा सांगितला. म्हणाले, चांगलं आहे, तिच्या वयाला फार चांगलं.

तेवढ्यावर त्यानं विश्वास ठेवला. कुणीही ठेवला असता. हौसाक्का तेव्हा महिनाभर घरी होती, वखारीत जाणं त्यानंच बंद केलं होतं. आता छाती धडधाकट निघाली, खोकला नुसता घशाचा. दवाखान्याच्या चकरा थांबल्या. ती पुन्हा चाळणीवर बसायला लागली. मी तिला नळावर विचारलं, बरं वाटतंय का? ती म्हणाली, "व्हय की. कागदावर लिव्हलंय न्हवं." आणि घागर उचलायच्या आधी बराच वेळ तिच्या काठावर हात टेकून उभी राहिली.

भिंतीपलीकडची शिट्टी दिवसेंदिवस बारीक होत गेली. मार्गशीर्षात एका सकाळी, शाळेला जायच्या वेळेला, ती आलीच नाही. मी खडूची पेटी हातात घेऊन उंबऱ्यात थांबले. मग भरमाण्णाच्या दारात माणसं जमायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांचा अहवाल बाहेर आला. तपासलेल्या बायकांच्या छातीत काळजी करण्यासारखं विशेष काही आढळलं नाही, असं त्यात होतं. वखारवाल्यांनी ते वाक्य उचलून पत्रक काढलं. चांगल्या जाड कागदावर. तंबाखूच्या धुळीनं छातीला काही होत नाही, मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी आमच्याच कामगार बायकांना तपासून सांगितलं आहे, आणि तेही भर बागेत, सगळ्या गावासमोर. ते पत्रक प्रत्येक वखारीच्या दाराला चिकटलं. आठवडाभरात खोकणाऱ्या दोघींची औषधपाण्याच्या खर्चाची मागणी मुकादमानं त्याच पत्रकावर बोट ठेवून उडवून लावली.

मी एका बैठकीत उत्तर लिहिलं. डॉक्टर विकला गेला, असं त्यात तीन वेळा होतं. ते घेऊन मी दुकानी गेले आणि भरमाण्णाला वाचून दाखवलं. तो चाकाचे आरे कसत होता. माझं वाचून झालं तेव्हा त्यानं पाना खाली ठेवला आणि मधे न थांबता बोलला. त्याला इतकं सलग बोलताना मी एकदाच ऐकलं.

"छापू नगंस मास्तरीण. त्या लेकराचा दोष न्हाय. त्येनं कानानं ऐकलं आन् डोळ्यानं बघिटलं त्येच लिव्हलं. फुंक हौसाची नव्हती, तानाक्काची हुती."

तानाक्का आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. भांडणात तिचा आवाज बस स्टँडपर्यंत जायचा. हौसाक्काच्या दहाव्याला ती भरमाण्णाच्या उंबऱ्यावर येऊन बसली होती आणि उठेना. शेवटी तिनं सांगितलं. नाव पुकारल्यावर हौसाक्कानं गर्दीत तिचं मनगट धरलं होतं. म्हणाली होती, "त्यो फिरतोय गं. समद्या गावादेखत त्येच्या बायकूचा काटा पडाया नगं. माझ्या नावानं तू फुंक." आणि हौसाक्का काही पहिली नव्हती. म्हातारीचं हसं झाल्यापासून प्रत्येक गल्लीनं हेच केलं होतं. जिची छाती चांगली तिनं दोघीतिघींच्या नावानं फुंकलं होतं. कुणाला फसवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. गल्लीचं नाव राखायचं होतं, आणि अशक्त बाईला सगळ्यांपुढं लाज वाटू द्यायची नव्हती. डॉक्टरांना एकीचाही चेहरा माहीत नव्हता. चेहरे मला माहीत होते.

मी पत्रक फाडलं. भरमाण्णा म्हणाला, "खेळ मीच मांडला," आणि पुन्हा पाना उचलला. मी त्याला म्हणायला हवं होतं की मथळा माझा होता, फळा माझा होता, आणि तो हात मी पाहिला होता. मी म्हणाले नाही. अजूनही त्याला सांगितलेलं नाही.

मग तो घरोघर गेला. सायकलीवरून नव्हे, पायी. एकेका बाईला तो एकच विनवणी करायचा. बेळगावला चल आणि डॉक्टरला एवढं सांग की तो आकडा माझा नाही. पुन्हा फुंक, स्वतःच्या छातीनं, कर्णा नाही, फळा नाही. बायका त्याला बसायला पाट द्यायच्या, चहा करायच्या, हौसाक्काच्या आठवणीनं रडायच्या. यायला एकही तयार होईना. त्या म्हातारीच्या सुनेनं शेवटी त्याला उघड सांगितलं. "आण्णा, तुमची बायकू गेली. आमास्नी आजून उद्या वखारीत जायाचंय."

त्यानं चहाची कपबशी खाली ठेवली आणि घरी परत आला. माझ्या सगळ्या पत्रकांत या वाक्याला पुरेल असा एक शब्द मला सापडला नाही.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते बेळगावात. माझी बदली झाली होती, सामान बांधलेलं होतं. तो म्हणाला, जायच्या आधी माझ्यासंगट एकदा कालिजात चल, मला नीट बोलाया यायचं न्हाय. पण तिथं गेल्यावर मला तोंड उघडावंच लागलं नाही. डॉक्टरांच्या खोलीत उभ्या उभ्या त्यानं सगळं सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला. कितीजणी, त्यांनी विचारलं. म्हाईत न्हाय, तो म्हणाला, आणि त्या येणार न्हाईत, त्यास्नी वडू नगा. मी आलोय त्ये माझ्या घरच्यापुरतं.

डॉक्टरांनी कपाटातून वही काढली. पान सापडलं. हौसाबाई भरमाण्णा, आणि पुढे तो आकडा. भरमाण्णाला वाचता येत नव्हतं. त्यानं विचारलं, कुठलं? डॉक्टरांनी बोट ठेवलं. त्यानं आपलंही बोट तिथंच टेकवलं. त्या कागदावर त्याची बायको गल्लीत सगळ्यात धडधाकट होती.

"एक नाव काढून अहवाल बदलणार नाही, भरमाण्णा," डॉक्टर म्हणाले. "सगळंच पुन्हा करायला पाहिजे. मला पुन्हा करू देतील का, ठाऊक नाही."

"अव्हाल ऱ्हाऊ दे. तिचं काढा."

डॉक्टरांनी आकड्यावर रेघ मारली. एकदाच, सरळ. मग पेन तसंच धरून ते थांबले. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, इथे आता काय लिहायचं.

यंत्र खिडकीपाशी होतं. भरमाण्णानं ते दोन्ही हातांनी उचललं. नळी सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि ओठांत धरली. त्यानं छाती भरून घेतली नाही. खांदे पुढे पाडले, मान थोडी आत घेतली, आणि श्वास ओढला. तो बारीक आवाज खोलीत आला. चार हिवाळे मी तो भिंतीपलीकडून ऐकला होता. मधेच तो तुटला, जिथं तुटायचा तिथंच. मग त्यानं फुंकलं.

काटा थोडासा सरकला आणि थांबला.

"एवढा," भरमाण्णा म्हणाला.

डॉक्टरांनी ते लिहिलं नाही. लिहिता येणार नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. त्यांनी पेनचं टोपण लावलं. बाहेर शिपायानं पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. तबकडीच्या मागे एक कळ असते, ती दाबली की काटा शून्यावर परत येतो. डॉक्टरांचा हात तिकडे गेला आणि वाटेतच थांबला. भरमाण्णानं यंत्र हलकेच टेबलावर ठेवलं आणि त्या काट्याकडे बघत उभा राहिला. पेशंट दारात येऊन थांबला होता. कळ कुणीच दाबली नाही.